पन्नास बादल्यांना एक युनिट

उज्जैनच्या नानाखेड्यात माझी मावशी राहते. लग्न होऊन माळव्यात गेली त्याला पन्नास वर्षं होत आली. तिच्या मराठीत आता निम्मी हिंदी आहे. मे महिन्यात गेले तेव्हा घरात दोन कूलर होते आणि नातसुनेच्या खोलीत नवा एसी. मावशी मात्र अजून रिकाम्या खोलीतले पंखे बंद करत फिरते. म्हणते, "अगं, बिल भरतील ते, पण बिजली काय झाडाला लागते?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही इंदूर रोडवरच्या त्रिवेणी घाटावर गेलो. पाणी बघून मी हात जोडले. मावशी हसली. "क्षिप्रा म्हणून जोड, पण पानी नर्मदामाईचं आहे. मोटरवर चढून आलंय."

ते खरंच आहे. क्षिप्रा उन्हाळ्यात आटू लागली म्हणून २०१४ साली नर्मदा-क्षिप्रा जोडयोजना सुरू झाली. नर्मदेचं पाणी पंपांनी सुमारे ३५० मीटर वर चढवून, क्षिप्रेच्या उगमाजवळच्या उज्जैनी गावी सोडतात. २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी स्नान केलं ते याच पाण्यात. ५ जानेवारी २०१९ च्या शनी अमावस्येला मात्र पाणी वेळेवर आलं नाही. लोक चिखलात उभे राहिले आणि बड्या अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या.

घरी येऊन मी हिशेब मांडला. हजार लिटर पाणी ३५० मीटर उचलायला, काहीही वाया न जाता, जवळजवळ एक युनिट वीज लागते. म्हणजे वीस लिटरच्या पन्नास बादल्यांना एक युनिट. योजना आहे सेकंदाला पाच हजार लिटरची. पूर्ण ताकदीने तासभर चालली तर सतरा हजार युनिट! महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या पंच्याऐंशी घरांची ती महिन्याची वीज.

ही वीज येते कुठून? कोळशातून येते, धरणांतूनही येते. नर्मदेवरच्या इंदिरा सागरची क्षमता १००० मेगावॅट, पण त्यासाठी २००४ साली हरसूद हे अख्खं गाव उठलं. ओंकारेश्वरचं पाणी वाढवलं तेव्हा २०१२ मध्ये घोगलगावचे लोक सतरा दिवस पाण्यात उभे होते. आता त्याच जलाशयावर तरंगते सौर पॅनेल आले आहेत. त्यांना नवी जमीन बुडवावी लागत नाही, हे चांगलंच. पण रात्री सूर्य नसतो, आणि आपली भूक मात्र रात्रीही असते.

मला खटकलं ते वेगळंच. क्षिप्रा आटली कशाने? उगमाकडची झाडं गेली आणि शेताशेतांत बोअर झाले. विजेच्या मोटरींनी जमिनीतलं पाणी ओढलं, नदीचा पाझर बंद झाला. आता तीच नदी भरायला पुन्हा वीज! एका हाताने उपसायचं, दुसऱ्या हाताने ओतायचं आणि दोन्ही वेळा मीटर फिरवायचं.

शेजारच्या देवासला १९९० साली रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याच जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खणली, हजारोंनी. पावसाचं पाणी वरून स्वतःच येतं, त्याला चढवायला मोटर लागत नाही. मला वाटतं, वीज कशी बनवायची याच्या आधी ती कशासाठी लागते, हे विचारायला हवं.

हे सांगायचा मला अधिकार किती? आमच्याच घरी दोन वर्षांपूर्वी बोअर शंभर फूट खोल नेला, छपराचं पाणी मात्र गटारात जातं. निघताना मावशीला हे बोलले. परवा तिचा फोन आला. तब्येत नाही, पाऊस नाही, पहिलाच प्रश्न: "गड्ढा खणलास का गं?"

अजून नाही. पण गवंड्याला रविवारी बोलावलंय. तुम्हीही मृगाआधी छपराकडे एकदा बघाच.