पहिली नोकरी सन्मानाची हवी

मानवतसारख्या कापूस बाजाराच्या गावात हॉटेलातली पहिली नोकरी मुलाला कष्टाची किंमत आणि व्यवहार शिकवते. ती संधी मिळावीच, पण कायदा पाळून. १४ वर्षांखालील मुलांना हॉटेल-ढाब्यांवर कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. १४ ते १८ वयोगटासाठी २०१६च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा विश्रांतीसह दिवसाला सहा तासांची मर्यादा घालतो. आठवड्याची सुट्टी सक्तीची करतो. संध्याकाळी सातनंतर कामाला मनाई आहे. हॉटेलात गर्दी होते ती नेमकी तेव्हाच. म्हणून कामगार विभागाने तपासणी रात्री करावी. मालकांनी ठरलेला पगार वेळेवर, पूर्ण द्यावा. लहानगा राबताना दिसला, तर ग्राहकांनी १०९८ या बाल मदतवाहिनीला कळवावे.