नांगर दिसतो, विळा दिसत नाही

गवत हे निसर्गाचे दान आहे, अशी एक समजूत आपल्या विचारात आणि आपल्या कायद्यातही खोलवर रुजलेली आहे. ते पेरावे लागत नाही, त्याला खत घालावे लागत नाही, पाऊस पडला की ते आपोआप वाढते. सबब ते कापणाऱ्याचा त्यावर रोजच्या मजुरीपलीकडे काही हक्क पोहोचत नाही, असा हा युक्तिवाद आहे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले आणि खेदाने कबूल केले पाहिजे की, अनेक वर्षे मीही ही समजूत तपासून पाहिली नाही. ती खोटी आहे. परंतु खोट्या समजुती उगाच टिकत नाहीत. कोणाच्या तरी सोयीच्या असतात म्हणून त्या टिकतात.

माळावर उभे असलेले गवत हा माल नव्हे. पालघर जिल्ह्यातील वाडा-विक्रमगडकडे दोन-अडीच एकरांचा शेतकरी खाली खाचरात भात लावतो आणि वरच्या वरकस जमिनीवर गवत राखतो. दसऱ्याच्या सुमारास पाऊस उघडला की कापणी सुरू होते. ती लवकर केली तर परतीच्या पावसात गवत कुजते. उशीर केला तर काड्या कडक होतात, त्यातला कस जातो आणि कुसळीसारख्या गवताची कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात. मधले दोन-तीन आठवडे काय ते हाती असतात आणि नेमके त्याच वेळी हळवे भातही कापणीला येते. त्यातून वेळ काढून बाया वाकून विळ्याने गवत कापतात, पसरतात, दहिवर उडाल्यावर ते परततात, दाताळ्याने ओढून गोळा करतात, पेंढ्या बांधतात आणि डोक्यावर भारे वाहून गंज रचतात. हे सारे श्रम वजा केले तर निसर्गाच्या दानाचे काय उरते? मार्गशीर्षात वाळून वणव्याला मिळणारा पाला!

आता थोडा हिशेब मांडू. शंभर किलो ओल्या गवतात सत्तर किलो पाणी आहे असे धरले, तर कोरडा अंश तीस किलो राहतो. साठवणीच्या गवतात सुमारे पंधरा टक्के ओल चालते. म्हणजे शंभर किलोंचे पस्तीस किलो झाले. यापेक्षा फार ओले गवत दाबून गासडी बांधली तर ती आतून तापते, बुरशी धरते आणि व्यापाऱ्याचाही माल बुडतो. म्हणून वाळविणे हे कौशल्याचे काम आहे. पण मजुरी वजनावर असेल, तर ते वजन ओले असताना करायचे की सुके झाल्यावर, या एका प्रश्नावर कापणाऱ्याचे उत्पन्न तिपटीने बदलते. ज्याच्या हाती काटा, त्याच्याच हाती ही तूट ठरविण्याचा अधिकार असतो.

हा प्रश्न वारल्यांनी फार पूर्वी विचारला होता. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली गवतकापणीचा संप केला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत, ही त्यांची मागणी होती. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला आणि पाच आदिवासी मारले गेले. त्या लढ्याचा झेंडा आमच्या पक्षाचा नव्हता, म्हणून त्याचे मोल आम्ही कमी मानण्याचे कारण नाही. पाचशे पौंडांचा दर मागणारा अडाणी वारली त्या काळच्या पुष्कळ पदवीधरांपेक्षा मूल्याचा सिद्धांत अधिक जाणत होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ रोजी कूळ जमिनीचे मालक झाल्याचे जाहीर झाले. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कायद्यात उतरली, आणि तिचे श्रेय कोणी नाकारणार नाही. परंतु याच कायद्यातील ‘कसणे’ या शब्दाच्या स्पष्टीकरणात एक वाक्य आहे. गवत कापण्याचा मक्ता घेणारा माणूस केवळ तेवढ्यावरून ती जमीन कसतो असे समजले जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. कायद्याला नांगर दिसला, विळा दिसला नाही. जमीनदाराला मात्र हे नीट दिसले. भात लावू दिले तर कूळ निर्माण होते; गवत राखले तर कूळच नाही, फक्त हंगामी मजूर. शिवाय मुंबईच्या गोठ्यांची मागणी जवळच होती.

पारडीचा सत्याग्रह या गोष्टीविरुद्ध उभा राहिला. दक्षिण गुजरातेतील पारडी तालुक्यात धान्याच्या योग्य अशा जमिनी गवताखाली अडकवून ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई आणि अशोक मेहता यांच्या नेतृत्वाखाली प्रजासमाजवादी पक्षाचे कार्यकर्ते आणि आदिवासी शेतमजूर या जमिनीत शिरले व त्यांनी ती धान्यासाठी खणली. पुढे गवतकापणीवर बहिष्कार घातला गेला. तडजोड व्हायला १९६७ साल उजाडावे लागले. चौदा वर्षे! एवढा काळ ज्यासाठी धनिकांनी ताणून धरले, ते गवत फुकटचे खासच नव्हते.

आज गवताचा भाव माळावर ठरत नाही, वखारीत ठरतो. याचे कारण साधे आहे. सुटे गवत वजनाला हलके आणि आकाराला मोठे असते. ट्रक भरतो, पण वजन भरत नाही. दाबून गासडी बांधली की तेच गवत शंभर किलोमीटर जाऊ शकते. म्हणून ज्याच्याकडे दाबयंत्र आणि छप्पर आहे, तो कार्तिकात घेऊन वैशाखात विकतो. ज्याच्याकडे ही दोन्ही नाहीत, तो कार्तिकातच विकतो आणि आपल्याच बैलांसाठी वैशाखात विकत घेतो. उत्पादनसाधनांची मालकी म्हणजे काय, हे समजावयास याहून सोपे उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

यावर उत्तर म्हणून ट्रॅक्टरवर चालणारा बेलर पुढे केला जातो, आणि यांत्रिकीकरणाच्या योजनांतून त्याला अनुदानही मिळते. मी यंत्राचा विरोधक नाही. वाकून विळा चालविण्यात कोणतीही थोरवी नाही. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीचे क्षेत्र १.३४ हेक्टर आहे, आणि उताराच्या, बांधांनी तुटलेल्या वरकस तुकड्यावर ट्रॅक्टर वळतसुद्धा नाही. अनुदानाच्या पलीकडची रक्कम कोण उभी करणार? ज्याच्याकडे ती आधीच आहे तोच. म्हणजे वखारवाल्याला दुसरे यंत्र, आणि तेही सरकारी पैशाने.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, कायद्यातील ते स्पष्टीकरण बदलावे. शेजाऱ्याच्या एकरभर माळावर चार दिवस राबणाऱ्याला मालक करा, असे कोणी म्हणत नाही. परंतु जमिनीचा भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्या गैरहजर मालकाच्या कुरणावर वर्षानुवर्षे कापणी करणाऱ्याचा हक्क नोंदला गेला पाहिजे. दुसरी, गायरान आणि वनजमिनीवरील गवताचे लिलाव ठेकेदारांना देणे थांबवून ते गावातील कापणाऱ्यांच्या गटांना द्यावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काचे तत्त्व मान्य केलेच आहे. तिसरी, हाताने चालणारे दाबयंत्र, काटा आणि गोदाम ही कापणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची असावीत, आणि अनुदान तेथे जावे.

सहकार आपल्याकडे बिघडला, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. प्रवरानगरला शेतकऱ्यांनी साखर कारखाना उभा केला, ती मोठीच गोष्ट होती. पण सहकारी साखर कारखान्यांचा सभासद ऊस लावणारा झाला, ऊस तोडणारा झाला नाही. तीच चूक गवताच्या बाबतीत पुन्हा करू नये, एवढेच सांगणे आहे. संस्थेच्या सभासदत्वाची कसोटी सातबारा नसावी, विळा असावी. नाहीतर पाचशे पौंडांचा तो जुना प्रश्न आपण नुसता किलोत मांडून पुढच्या पिढीच्या हवाली करू.