आधी अंथरूण, मग पांघरूण

रामनवमी जवळ आली की दादर, परळ, लालबागमधून साईंच्या पालख्या शिर्डीकडे निघतात. सुमारे २४० किलोमीटरची वाट, दिवसामागून दिवस पायी. निघण्याआधी बुटांवर आणि मोज्यांवर भरपूर खल होतो. झोपायला काय न्यायचं, हा प्रश्न मात्र ‘घे एखादी चादर’ एवढ्यावर मिटतो. माझ्या मते चूक तिथेच होते. चादर घेतली जाते ती पांघरायला, आणि पाठ टेकते शाळेच्या वर्गातल्या फरशीवर, मंगल कार्यालयाच्या टाइल्सवर, नाहीतर मांडवाखालच्या ढेकळांवर. म्हणून पिशवीतली जागा आधी अंथरुणाला द्यावी, उरेल ती पांघरुणाला.

याचं कारण साधं आहे. ऊब असो वा उष्मा, तो अडवते कापडात अडकलेली हवा. अंगाखाली आलेलं मऊ पांघरूण भाराने दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि फरशी थेट अंगाला भिडते. स्लीपिंग बॅगचंही तेच: कसाऱ्याच्या अलीकडे, दमट रात्री ती वरून घामाने भिजवते आणि खालून हाडं टोचू देते. घाट चढून इगतपुरीला पोचलं की उंची सुमारे ६०० मीटर होते. पुढे घोटी-सिन्नरच्या कोरड्या हवेत दुपार भाजून काढते, पण पहाट अंगावर काटा आणते. ऊन टाळायला चालणं पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे निम्मी झोप दुपारच्या तापलेल्या जमिनीवरच घ्यावी लागते. दुपारची धग आणि पहाटेचा गारवा, दोन्ही अडवते ती बोटभर जाड फोमची चटई. ती पाणी पीत नाही, घाम पुसला की कोरडी. विणलेली प्लास्टिकची चटई धूळ आणि ओल अडवते, खुब्याला आधार देत नाही. फोमवर जुन्या साड्यांची गोधडी घालावी. तिचे थर जवळजवळ घातलेल्या धावदोऱ्याने जागच्या जागी राहतात, कापसासारखे एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत. वर पातळ सुती चादर पुरे. घाटानंतरच्या पहाटेसाठी एक सोलापुरी चादर.

कोणी म्हणेल, सामान टेम्पोतून जातं, मग घरची गादीच का नको? पन्नास जणांच्या पन्नास गाद्या रोज चढवायच्या-उतरवायच्या कोणी? घामाने ओली झालेली गादी रस्त्यात वाळतही नाही. दुसरा आक्षेप मनापासूनचा असतो: देवाच्या वाटेवर सुख कसलं शोधायचं? या भावनेचा मला आदर आहे. पण पदयात्रेचं तप चालण्यात आहे, जागरणात नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर पहाटेच्या अंधारात शेजारून ट्रक धावत असतात. तिथे पेंगत टाकलेलं एक पाऊल स्वतःच्या आणि मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. पुरती झोप घेणं ही सोबत्यांची काळजी घेणंच आहे.

तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधी, घरातल्या उघड्या फरशीवर, नेणार त्याच अंथरुणावर एक रात्र झोपून पाहा. कुशीवर वळताना खुबा टोचला, तर अंथरूण बदला. दादरच्या बाजारात ते मिळेल. कसाऱ्याच्या घाटात मिळणार नाही.