नारळ

आपल्याकडे नारळ दोन तऱ्हेनं देतात. कायम नोकरीतला साहेब रिटायर झाला की शालीबरोबर नारळ. वर्गणी निघते, सामोसे येतात, कुणीतरी उठून साहेब वरून फणस अन् आतून गोड कसे ते सांगतो. दुसरा नारळ कंत्राटी कामगाराचा. त्याला रात्री फोन येतो, 'उद्यापासून येऊ नको.' खलास. त्या नारळात ना पाणी, ना खोबरं. नुसती करवंटी.

आमच्या इस्पितळातून या महिन्यात एक जण चाललाय. त्याला यातला एकही नारळ नाही. त्याला कुणी काढलेलं नाही, तो आपणहून दुसऱ्या नोकरीवर चाललाय. आणि तो कायम नाही, म्हणून त्याच्या नावानं वर्गणी नाही की सामोसे नाहीत. म्हणून या अंकाचं पहिलं पान त्याचं.

नाव छापत नाही. तोच म्हणाला, 'नाव टाकू नका रे, नवीन नोकरी हाय.' आम्ही त्याला रेकॉर्डवालाच म्हणतो. सात वर्षं रेकॉर्ड रूममध्ये कॉम्प्युटरवर बसला. मी केसपेपरच्या खिडकीवर, तो आतल्या अंधारात. पण त्याची खरी ड्युटी चारनंतर, जिन्याखाली. तिथं आया, वॉर्डबॉय, झाडूवाल्या मावश्या रांग लावायच्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि एकच सवाल : 'माझा पीएफ कुठं गेला रं बाबा?'

मित्रांनो, हा सवाल साधा नाही. मूळ पगारातून 12 टक्के कापले जातात. मालकानंही तेवढाच वाटा घालायचा असतो. ठेकेदार बदलतो. माणसं तीच, झाडू तोच, वॉर्डातला वास तोच. 2014 पासून प्रत्येक कामगाराला बारा आकडी एकच यूएएन नंबर असतो. नोकरी बदलली तरी नंबर बदलायचा नाही, हा नियम. पण नवा ठेकेदार जुना नंबर विचारतच नाही, नवा काढून मोकळा होतो. एकेका मावशीचे तीन-तीन नंबर, तीन ठिकाणी अडकलेला पैसा. आधारवर नावापुढे 'बाई' आहे, पीएफमध्ये नाही. तेवढ्या एका 'बाई'साठी क्लेम परत. जन्मतारीख शाळेच्या मास्तरानं मनानं लिहिलेली 1 जून, दुसऱ्या कागदावर भलतीच, क्लेम परत. बाईनं आयुष्यभर हगणं-मुतणं काढलं, आणि व्यवस्था तिला विचारते, 'तू तीच कशावरून?'

रेकॉर्डवाला हे सगळं एका वहीत लिहायचा. कुणाचे किती नंबर, कुठला ठेकेदार कधी आला, कधी पळाला. फॉर्म 19, फॉर्म 10सी त्याला तोंडपाठ. एका रुपयाचा चहा कुणाचा घेतला नाही. उलट सायबर कॅफेत प्रिंटचे पैसे स्वतः भरले. भाषण एकदाही केलं नाही. आमच्या या अंकांची प्रुफंही तोच वाचायचा, आणि आमच्या आगखाऊ कवितांतली शुद्धलेखनाची भगदाडं गुपचूप बुजवायचा.

आता त्यानं लिपिक-टंकलेखकाची परीक्षा काढली. सरकारी नोकरी, दूरच्या जिल्ह्यात. ऑर्डर आली आणि दोन्हीकडून दगड सुरू झाले.

एक दगड ठरलेला. 'कोट्यातून लागला.' ज्यांच्या घरात तीन पिढ्या टेबलामागं बसल्या, ते सांगतात टेबल कुणाला कसं मिळालं! घटनेच्या 16व्या कलमात लिहिलेला तो हक्क आहे. त्यावर आता चर्चासुद्धा करणार नाही.

दुसरा दगड आपल्याच वस्तीतला, तो जास्त लागतो. 'गेला. पांढरपेशा झाला. चळवळ विकली.' असं बोलणारे 1956 च्या आग्र्याच्या भाषणाचा दाखला देतात. शिकलेल्यांनी धोका दिला, असं बाबासाहेब तिथं बोलले. बरोबर आहे, बोलले. पण ती व्यथा नोकरी मिळवणाऱ्यांबद्दल नव्हती. मिळवून मागं वळून न बघणाऱ्यांबद्दल होती. ज्यानं अजून मागं वळायचं की नाही हे दाखवलंच नाही, त्याला आजच फितूर ठरवणारे तुम्ही कोण? त्याच्या आईच्या औषधांची चिठ्ठी तुम्ही भरणार होता काय?

जरा आपलाच इतिहास उघडा. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघालं. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, सरकारी नोकरीत. म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. पुढं त्याच वर्षी बाबासाहेबांनी नोकरी सोडली आणि जुलैत ते शिकायला लंडनला निघाले. मागं पत्र ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलपांनी चालवलं. 1923 ला ते बंद पडलं. 'बहिष्कृत भारत' निघालं 3 एप्रिल 1927 ला. मधली चार वर्षं बाबासाहेबांचं पत्र नाही. माणसं जागा बदलतात, बदलणारच. सवाल जाणाऱ्याचा नसतो. मागं किती हात उरतात, त्यांना काय काय येतं, हा सवाल असतो.

म्हणून मला हार-तुऱ्यांचा निरोप नको आणि शिव्यांचाही नको. हार घातला की माणूस फोटोत जातो, शिवी घातली की आपली जबाबदारी संपते. दोन्ही सोपं. अवघड एकच : त्याचं काम उचलणं. एका माणसाच्या डोक्यात असलेली माहिती ही संघटनेची ताकद नव्हे, संघटनेची पांगुळगाडी आहे. तो गेला की आपण पडणार.

परवा बसून वाटणी केली. वही लॅबमधल्या पोरीकडं. ती रोज दोन नावं कॉम्प्युटरवर चढवणार. ऑनलाइन क्लेम रात्रपाळीचा वॉर्डबॉय शिकतोय, पहिले दोन त्यानं चुकवले, तिसरा बसला. नाव आणि जन्मतारीख दुरुस्तीचे अर्ज माझ्याकडं. प्रुफं कविलोकांनी स्वतःची स्वतः वाचायची. चौघांच्या हातात मिळूनसुद्धा त्याच्या निम्मं काम होत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. होईल. करावं लागेल.

आणि दोस्ता, आता तुला. सरकारी नोकरांचे वर्तणूक नियम 1979 चे आहेत, तुला ठाऊक आहेत. राजकारणात उतरता येणार नाही, परवानगीशिवाय नियतकालिकाच्या संपादनात हात घालता येणार नाही. मोर्चात दिसला नाहीस म्हणून आम्ही रुसणार नाही. तुझ्याकडून एवढंच मागतो. आजवर तू खिडकीच्या या बाजूला, आमच्या रांगेत होतास. आता त्या बाजूला बसशील. एक दिवस एखादी मावशी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन समोर उभी राहील. तिच्या कागदावर 'बाई' जास्त असेल, नाहीतर कमी. तिला 'उद्या या' म्हणू नकोस.

इथं चार वाजता जिन्याखाली बैठक चालूच आहे. ज्यांचे क्लेम अडकलेत त्यांनी पासबुक घेऊन यावं. चहा आपापला.

जय भीम.