तुटलेला धागा

टकळीसारखे साधे साधन दुसरे क्वचितच असेल: एक काडी, तिच्या बुडाशी चकती आणि शेंड्याला आकडी. तरीही प्रथम हाती धरणाऱ्याची ती किती परीक्षा पाहते, हे अनुभवावाचून कळत नाही. हात घाईने ओढला की तार बारीक होऊन तुटते. फार सावकाश ओढला की मध्ये जाड गाठ राहते. पीळ कमी पडला तर सूत सुटते, अधिक झाला तर वेटोळे घालते. सुयांवर लोकर विणणाऱ्या मुलींस हे दुःख परके नाही. दहा ओळी विणून झाल्यावर खाली सुटलेला टाका दिसतो आणि सारे उसवावे लागते.

असा त्रास मुलांस का द्यावा, असे पालक विचारतात. बाजारात तयार कापड मिळते आणि परीक्षेत या कामास गुण थोडे, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. हा वाद आपल्या जिल्ह्यास नवाही नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाद्वारे शिक्षण देण्याची योजना मांडली. मुलांच्या कामातून शिक्षकाचे वेतन निघावे, असाही त्यांचा विचार होता. त्यावर प्रो. के. टी. शहा यांच्यासारख्या विद्वानांनी तेथेच आक्षेप घेतला. पुढे सेवाग्राम येथे हिंदुस्तानी तालीमी संघाने ही योजना चालविली. श्री. आर्यनायकम् हे ख्रिस्ती शिक्षक व त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी त्या कार्यास आपले आयुष्य वाहिले.

माझ्या मते, आक्षेपकांची भीती रास्त होती. चार चार फुटांच्या ६४० तारा, म्हणजे जवळजवळ अर्धा मैल सूत, तेव्हा कोठे एक गुंडी भरते. मुलाच्या सुताचे मोल पैशाने करू लागलो, तर शाळेचा कारखाना होईल. परंतु म्हणून टकळीच टाकून द्यावी, हे मात्र मला मान्य नाही.

पाठ केलेले उत्तर न समजताही लिहिता येते. सुताजवळ अशी लबाडी चालत नाही. हात चुकला की ते तत्क्षणी सांगते. पण सांगूनही ते क्षमाशील असते. तुटलेले टोक पेळूच्या तंतूंवर ठेवून पीळ दिला की धागा पुन्हा जुळतो. असा पुष्कळ वेळा जुळविल्यानंतर एखाद्या दिवशी हातभर सूत अखंड व सारखे निघते. कमाई म्हणाल तर एवढीच. परंतु त्या वेळचा मुलाचा चेहरा पाहावा!

दुसरा लाभ याहून मोठा आहे. आपल्या वर्गांत कापूस पिकविणाऱ्या कास्तकारांची मुले पुष्कळ असतात. वेचणीच्या वेळी आईची बोटे बोंडांच्या टोकांनी सोलवटलेली त्यांनी पाहिलेली असतात. पण सरकी काढून, पिंजून, पेळू वळून त्याच कापसाचा धागा स्वतः काढल्यावर त्यांस त्या श्रमांचा मान कळतो. संत पौल मोठा विद्वान होता, तरी राहुट्या करून आपला चरितार्थ चालवीत असे. श्रमाची लाज आपल्या मुलांस का वाटावी?

यास्तव पालकांस एक विनंती आहे. मुलाची लटी भरत नाही म्हणून मायेपोटी ती स्वतः कातून देऊ नका किंवा कोणाकडून आणून देऊ नका. अशा गुळगुळीत सुताने गुण मिळतील, पण मुलाच्या हाती काहीच राहणार नाही. आम्हां शिक्षकांसही सुताचे केवळ वजन करून भागणार नाही. मुलाने तुटलेला धागा किती वेळा न रागावता जुळविला, हे जवळ बसून पाहावे लागेल. बालमित्रांनो, तुमची लटी गाठीगाठींची असली तरी निःसंकोच घेऊन या. ती तुमची असावी, एवढेच आमचे मागणे आहे.