वाळवंटातला विहार



तुर्भ्याच्या मसाला मार्केटात सुक्या मेव्याच्या गोणी वाहणाऱ्या माथाडी बांधवांच्या घरी जर्दाळू-बेदाणे अनोळखी नाहीत. ते जिथे पिकतात त्यांतलाच एक वाळवंटी देश उझबेकिस्तान. १९६६ साली लालबहादूर शास्त्री गेले ते ताश्कंद तिथलेच. हल्ली सहल कंपन्या समरकंदचे निळे घुमट, बुखाराचे घुमटाखालचे बाजार, खिवाची तटबंदी दाखवतात. पाहण्यासारखे आहेच, नाही कोण म्हणतो? पण तेर्मेझ बहुधा राहून जाते!

आमू दर्याकाठी, अफगाण सीमेवर हे शहर. जवळच फयाझ-तेपेला कुशाण काळातला कच्च्या विटांचा विहार १९६८ साली उजेडात आला. बोधिवृक्षाखाली तथागत, दोन्ही बाजूंस भिक्खू, अशी तिथली मूर्ती आज ताश्कंदच्या संग्रहालयात आहे. शेजारी कारा-तेपेला टेकडीत कोरलेली लेणी. आपली कान्हेरीच आठवावी! कान्हेरीला कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दाने दिली, तसाच तिथेही धम्म व्यापाराच्या वाटेने गेला. ह्युएन त्संग सुमारे ६३० साली तेर्मेझला आला, तेव्हा तिथे दहाहून अधिक विहार आणि हजारभर भिक्खू होते. पुढे हाच प्रवासी आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला.

खर्च आपल्याला झेपणारा नाही, हे खरे. पण भारतातली कितीतरी मुले डॉक्टरकी शिकायला तिकडे जातात. त्यांत आपल्या वस्तीतले कुणी असेल, तर सुट्टीत त्याला तेर्मेझला जायला सांगा. आणि विहारातर्फे कुणी सहल काढलीच, तर पैसे भरण्याआधी विचारा : यात तेर्मेझ आहे का?