शेक घेतलेल्या ताईंनो, एक डागही लपवू नका

सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसला की पुण्यात गर्भपिशवीच्या कॅन्सरची चर्चा सुरू होते. टॉवरच्या लहरींत पेशीतला डीएनए तोडण्याची ताकद नसते. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तर एक्स-रे नसतातच. सीटी स्कॅनमध्ये असतात, म्हणून तो हौसेने करू नये; पण डॉक्टरांनी गरज सांगितली तर टाळूही नये.

किरणांचा गर्भपिशवीशी संबंध आहे, तो वेगळ्या ठिकाणी. १९४५ च्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या जपानी स्त्रियांपैकी ज्या तेव्हा कोवळ्या वयात होत्या, त्यांच्यात पुढे हा कॅन्सर जास्त दिसला. आपल्याकडे प्रश्न येतो तो पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर शेक, म्हणजे किरणोपचार, घेतलेल्या बायकांचा. त्यांची पिशवी बहुधा काढलेली नसते. क्वचित कुणाला दहा-वीस वर्षांनी त्याच पिशवीत नवा कॅन्सर होऊ शकतो.

या भीतीने शेक मात्र नाकारू नका, अर्ध्यावर सोडू नका. आज जीव वाचवणारा उपचार तोच आहे. पुढचा धोका त्याच्यापुढे फार लहान आहे.

माझं सांगणं आहे ते कित्येक वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्यांना. बार्शीला किंवा मुंबईत शेक घेऊन आता पुण्यात लेकाकडे राहणाऱ्या कितीतरी आया असतील; सुनेला त्या आजाराचा पत्ताही नसेल. पाळी गेल्यावर अंगावरून पुन्हा थेंबभर लाल गेलं, तरी त्याच आठवड्यात दाखवा. शेकामुळे पिशवीचं तोंड आक्रसतं आणि रक्त आतच साठू शकतं. मग डागही दिसत नाही. पाण्यासारखा स्राव, ओटीपोटात दुखणं, पोट फुगणं एवढंच जाणवतं. ‘वयामुळे असेल’ म्हणून अंगावर काढू नका.

शेक न घेतलेल्यांनाही हेच लागू आहे. गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरमागे किरणांपेक्षा लठ्ठपणा कितीतरी जास्त वेळा असतो. मधुमेहानेही धोका वाढतो आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी घेतलेल्या टॅमॉक्सिफेनच्या गोळीनेही. पण म्हणून ती गोळी मनाने बंद करू नका. डाग दिसला तर सांगा.

ससून रुग्णालयात जा, नाहीतर जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. आतून सोनोग्राफी होईल, लागलं तर अस्तराचा तुकडा तपासतील. जाताना शेकाची जुनी फाईल न्या. हरवली असेल, तर कोणत्या साली, कुठे शेक घेतला एवढं तरी डॉक्टरांना सांगाच. त्यांनी विचारलं नाही तरी.